पाच होऊ द्या

नर्सबाईंच्या हातून आयुष्यात काही वाया गेलं नाही. टूथपेस्ट संपली असं घरातल्या सगळ्यांनी एकमताने ठरवलं की बाई ती ट्यूब लाटण्याखाली घेत, आणि पुढचे नऊ दिवस घराचे दात त्यावरच घासले जात. साबणाची चकती झाली की ती नव्या वडीच्या पाठीला चिकटे. त्यामुळे त्या घरात साबण कधी संपलाच नाही, एकाच साबणाचा वंश चालत राहिला. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. बोटांना सूक्ष्म कामाची सवय आणि जीभही तशीच बारीक. ते म्हणत, "आमच्या हिला वाळूचं घड्याळ देऊ नका. वाळू निवडून डब्यात भरून ठेवेल."

गावात मात्र बाईंना कुणी नर्सबाई म्हणत नसे. लहानथोर सगळे त्यांना पाचबाई म्हणत. समोर नाही, पण पाठ वळायची फार वाटही बघत नसत.

हे नाव गोवराच्या लसीमुळे पडलं. ही लस बाकीच्या लसींसारखी समजूतदार नाही. काही लसींची बाटली आज उघडली, उरली, पुढच्या खेपेला वापरली, असं चालतं. गोवराच्या बाटलीत तळाशी चिमूटभर भुकटी असते. तिच्यात पाणी घातलं की पाच मुलांची पाच इंजेक्शनं होतात आणि तिथून चार तास मोजायचे. चार तासांनंतर उरलेली लस ओतून द्यायची, मग ती सोन्याची का असेना. म्हणजे एका मुलासाठी बाटली फोडली तर चार मुलांची लस गटारात. टूथपेस्टला लाटणं लावणाऱ्या बाईला हे कसं सोसावं? त्यामुळे महिन्यातून एकदा, दुसऱ्या मंगळवारी, गावातल्या जुन्या धान्यगोदामाच्या खोलीत बाई निळी पेटी उघडून बसल्या की आलेल्या आयांना त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे : "बसा. पाच होऊ द्या."

पाच झाले की बाई बाटली फोडत आणि मग त्यांचा हात बघत राहावा असा चाले. मूल रडायला तोंड उघडेपर्यंत सुई आत जाऊन बाहेर. पाच झाले नाहीत की पेटीची कडी पुन्हा लागे. "पुढच्या महिन्यात या." त्यावरून गावाला थट्टेचं आयतं कोलीत मिळालं होतं. न्हाव्याच्या दुकानात एखादा एकटाच शिरला की आतले ओरडत, "बस रे, पाच होऊ दे, मग वस्तरा काढतो."

बाईंची ही काटकसर नुसती अंगची नव्हती, तिला वरून खतपाणी होतं. तालुक्याच्या लसभांडारात एक साहेब होते. ते प्रत्येक नर्सला बाटल्या देताना "थेंब थेंब मोजून दिलाय हं" म्हणत, म्हणून त्यांना थेंबसाहेब म्हणायचे. त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर एक तक्ता होता, नासाडीचा. प्रत्येक नर्सच्या नावापुढे दर महिन्याला एक रेघ. कमी नासाडी हिरवी, जास्त नासाडी लाल. लाल रेघवालीला साहेब कधी रागावत नसत. तिला चहासुद्धा मिळे. फक्त तिच्या चहात साखर घालायला शिपाई विसरे, आणि साहेबांना ते आठवत नसे.

पाचबाईंच्या नावापुढे तीन वर्षं एकही लाल रेघ नव्हती. त्यांना "शून्य नासाडी" असं सोनेरी अक्षरांचं प्रमाणपत्र मिळालं होतं आणि ते बैठकीच्या खोलीत लग्नाच्या फोटोशेजारी लावलं होतं. यजमान पाहुण्यांना दोन्ही फ्रेमा दाखवून म्हणत, "बघा, कोणत्या प्रसंगी जास्त हसलीय ते."

त्याच भांडारात महिन्याची सभा होई. सभेच्या शेवटी वरून आलेल्या परिपत्रकांचा गठ्ठा फिरे. सोबत एक वही. परिपत्रक वाचायचं, वहीत "वाचले" असं लिहायचं आणि सही करायची. नर्सा तीस, पेन एक, आणि बाहेर शेवटच्या बसचा ड्रायव्हर हॉर्न दाबून बसलेला. तेव्हा गठ्ठा फिरत नसे, वही फिरे. तीस जणी भराभर "वाचले, वाचले, वाचले" लिहून उठत. आणि बस मिळाली की ते खोटंही नसे. एका महिन्यापुरत्या वाचल्याच म्हणायच्या.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका मंगळवारी गोदामाच्या खोलीत खाणवाली आली.

गावाच्या वर, दोन तासांच्या चढावर, दगडाची खाण होती. खाणीवर पत्र्याच्या वीसेक खोल्या, आणि त्यात दगड फोडणारी माणसं. ही त्यातलीच एक. वय तेवीस-चोवीस, केसांत पांढरी धूळ, त्यामुळे लांबून म्हातारी वाटायची. काखेत दहा महिन्यांची मुलगी. पोरगी काखेतून अशी बघत होती जणू खोली विकत घ्यायला आली आहे.

"किती महिन्यांची?" बाईंनी विचारलं.

"दहा झाले."

"नवव्यातच आणायची ना!"

"नवव्यात मुकादम सोडेना. म्हणाला, पोरीला सुई टोचायची तर तू कशाला, पोरीला पाठव."

बाई हसल्या. पेटीची कडी त्यांनी खट् करून उघडली. त्या आवाजासरशी पोरीने मान गर्रकन वळवली, पेटीकडे पाहिलं आणि हात पुढे केला. बाईंनी गंमत म्हणून कडी पुन्हा लावली, पुन्हा उघडली. खट्. पोरगी खुदकन हसली. तिसऱ्यांदा, खट्. तिसऱ्यांदाही हसली.

"हुशार आहे गं," बाई म्हणाल्या. "कान तिखट आहेत हिचे."

"बाप सुरुंग लावतो ना. स्फोट होईल तेवढी गप्प, नंतर हसते."

दुपारपर्यंत खोलीत दोनच मुलं जमली. बाईंनी घड्याळ पाहिलं, नोंदवही मिटली आणि म्हणाल्या, "आज नाही व्हायचं. पाच लागतात."

"कशाला पाच?"

"बाटली पाचांची असते. एक-दोघांसाठी फोडली तर बाकीची फुकट जाते."

"दोन तास चालून आले, बाई. आता दोन तास चढ."

"मी पण चालतच येते. वर ही पेटी." बाईंच्या आवाजात तक्रार नव्हती. हिशेब बरोबरीचा आहे एवढंच दाखवायचं होतं. "पुढच्या महिन्यात ये. नक्की करू."

खाणवाली गेली. तिचा वाद घालण्याचा स्वभाव नव्हता. दगडाशी वाद घालून घालून बहुधा तिची ती हौस भागलेली असावी.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा आली, आणि त्या दिवशी नशीब असं चेष्टेखोर की खोलीत चार मुलं झाली. चार! बाई उत्साहात आल्या. "एक हवं," असं म्हणून त्या स्वतः उठल्या, पदर खोचला, आणि खाणवालीला बरोबर घेऊन गावात पाचवं मूल शोधायला निघाल्या.

वाण्याच्या घरी दहा महिन्यांचा नातू होता. दारात त्याची आजी बसलेली. "सर्दी आहे त्याला," आजी म्हणाली. सर्दीने काही बिघडत नाही असं बाईंनी सांगितल्यावर आजीने खरं कारण काढलं. "आणि गोवर एकदा येऊन गेलेला बरा असतो. अंगातली उष्णता निघून जाते. माझ्या सातही मुलांना आला. काही झालं का?"

"आजी, तुमची नऊ होती ना?"

"मी जगलेल्यांचं सांगतेय," आजी शांतपणे म्हणाली.

न्हाव्याची बायको म्हणाली, "आमच्याला मागच्याच महिन्यात गोवर येऊन गेला." बाईंनी पोराची पाठ पाहिली. घामोळं होतं. "हा गोवर नाही." "तुम्हाला जास्त कळतं का? आमच्या घरात याला गोवरच म्हणतात." मास्तरांच्या घरी मूल होतं, पण ते शहरातल्या डॉक्टरांकडे जायचं होतं. मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, "पेटीतलं कसं नाही का, सगळ्यांचंच असतं." एका घरी मूल होतं, आई शेतावर. एका घरी आई होती, मूल मामाकडे. शेवटी गल्लीच्या टोकाला एक शेळी आपलं करडू चाटत उभी होती. खाणवाली थांबली आणि म्हणाली, "बाई, याला धरा की. वयात बसेल."

दोघी हसल्या. भर उन्हात, गल्लीच्या मधोमध, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पुढे बाईंना तो दिवस आठवला की आधी हे हसणं आठवे, आणि ते आठवलं की तोंड कडू होई.

खोलीवर परत आल्यावर खाणवाली म्हणाली, "कागदावर पाच लिहा ना. कोण वर चढून मोजायला येतंय?"

"मी खोटं लिहीत नाही," बाई म्हणाल्या. तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्यांनी अनेकदा म्हटलं होतं, आणि दर वेळी त्यांची पाठ थोडी ताठ होत असे. याही वेळी झाली.

"मग चौघांना द्या. एक गेली वाया तर गेली. एकच तर आहे."

बाईंनी एक क्षण विचार केला. खरंच केला. डोळ्यांसमोर तक्ता आला, तीन वर्षांची हिरवळ आली, आणि त्यात एक लाल काडी. त्यांनी कडी लावली. खट्. पोरीने मान वळवली आणि हसली.

बाटली पेटीतून सुखरूप भांडारात परतली, पोरगी काखेतून खाणीवर. दोघींचा दोनदा प्रवास झाला, भेट मात्र झाली नाही.

तिसऱ्या महिन्यात खाणवाली आली नाही. बाईंनी वहीत तिच्या मुलीच्या नावापुढे "आई आली नाही" असं लिहिलं. तसा रकानाच होता. लिहिताना त्या शेजारच्या बाईला म्हणाल्यासुद्धा, "या लोकांना काळजीच नसते. आपणच जीव काढायचा."

नंतरच्या शनिवारी खाणीवर पाणी नेणाऱ्या टँकरचा ड्रायव्हर बाईंच्या दारात येऊन उभा राहिला. रोज टवाळी करणारा माणूस, पण त्या दिवशी चप्पल काढून उभा होता.

"बाई, वर पोरं लाल झालीत. डोळे उघडत नाहीत. तुम्ही या म्हणतात."

बाईंनी भांडाराला फोन लावला. "चार बाटल्या लागतील, साहेब."

"चार म्हणजे वीस मुलं!" थेंबसाहेब दचकले. "होतील का वीस?"

"होतील," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी न मोजता आकडा सांगितला.

टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी, पेटी मांडीवर घेऊन, बाई चढाचा रस्ता पहिल्यांदा चढल्या. नोकरीची तीस वर्षं त्या या खाणीच्या पायथ्याशी बसल्या होत्या, वर कधी गेल्या नव्हत्या. वरची माणसं खाली येतात, अशीच व्यवस्था होती. पत्र्याच्या खोल्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, सावलीत, फाटक्या ताडपत्रीवर मुलं ओळीने निजवलेली. चेहऱ्यांवर पुरळ, डोळे चिकटलेले, खोकला असा की छोट्या छातीत कुणीतरी खडी हलवत असावं. ओळीच्या शेवटी खाणवाली बसली होती. तिने उठायचे कष्ट घेतले नाहीत.

"या," ती म्हणाली. "मोजा. पाच झाले का बघा."

नऊ होते.

बाईंनी आजारी न पडलेल्या मुलांना रांगेत घेतलं, बाटल्या फोडल्या, टोचत गेल्या. त्यांचा हात त्या दिवशीही तितकाच सफाईदार चालला. हाताला लाज नसते. आजारी मुलांना जीवनसत्त्वाचे थेंब दिले. खाणवालीच्या मुलीला उचललं तेव्हा ती तापलेल्या पत्र्यासारखी लागली. तिच्या कानातून पिवळं पाणी येत होतं आणि श्वास पळत होता. "हिला आत्ताच्या आत्ता खाली न्यायचं," बाई म्हणाल्या. टँकर हलका होऊन लवकर उतरावा म्हणून त्यातलं पाणी तिथेच सोडून दिलं, हंड्यात भरायलाही कुणी थांबलं नाही. पाणी खाणीच्या धुळीतून ओघळत गेलं आणि बाईंना त्याचं काहीही वाटलं नाही. वाया जाणाऱ्या वस्तूकडे त्यांनी पाहिलंच नाही, असं तीस वर्षांत पहिल्यांदा घडलं.

पोरगी अकरा दिवस इस्पितळात होती. दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "वाचली." खाणवालीने हात जोडले. बाईंनीही जोडले, कुणाला ते त्यांना कळलं नाही.

अकराव्या दिवशी खाटेपाशी एक सर्वेक्षणवाली आली. शहरातली मुलगी, गोड बोलणारी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. तिचा विषय "ग्रामीण भागात बालकांच्या गोवर लसीकरणावर परिणाम करणारे घटक" हा होता. बाई शेजारीच उभ्या होत्या.

"ताई, बाळाला लस का दिली नव्हती?" मुलीने विचारलं. "मी कारणं वाचते, तुम्ही हो-नाही सांगा. लसीची माहिती नव्हती?"

"होती."

"भीती वाटली? कुणी काही अफवा सांगितली?"

"नाही."

"घरच्यांचा विरोध?"

"घरी आहे कोण विरोध करायला? तो सुरुंग लावतो, मी दगड फोडते."

"मग?"

"दोनदा गेले. दोनदा परत पाठवलं. पाच होत नव्हते."

मुलीचं बोट पडद्यावर वरखाली फिरलं. "पाच... म्हणजे वेळ सोयीची नव्हती असं म्हणू?"

"वेळ माझी चांगली होती. सकाळी गेले होते."

"मग केंद्र दूर आहे, हे टाकते. चालून गेलात ना? दूर आहेच."

"परत पाठवलं असं टाका."

"तो पर्याय नाहीये, ताई. 'इतर'मध्ये टाकता येईल, पण 'इतर' अहवालात येत नाही." मुलीला खरोखर वाईट वाटलेलं दिसत होतं. तिने "केंद्र दूर" वर बोट टेकवलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली.

बाईंना वाटलं, आता आपण बोलावं. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण मुलगी पुढच्या खाटेकडे वळली होती, आणि बाईंनी ते उघडलेलं तोंड जांभई देऊन मिटलं.

दोनच दिवसांनी बाई सभा नसताना भांडारात गेल्या. थेंबसाहेबांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, एकच मूल आलं तर बाटली फोडायची का नाही? नियम काय आहे?"

"फोडायची," साहेब म्हणाले.

"काय?"

"फोडायची. परिपत्रक आहे." ते कपाटाशी गेले. चौकशी होणार याची कुणकुण त्यांना आधीच लागलेली असावी, कारण फाइल हाताशीच होती. त्यांनी एक कागद समोर ठेवला. चार वर्षांपूर्वीची तारीख. चार ओळी. टूथपेस्टच्या खोक्यावरही याहून जास्त मजकूर असतो. "एकही पात्र बालक लस न देता परत पाठवू नये. एकच बालक उपस्थित असले तरी बाटली उघडावी. त्यामुळे होणारी नासाडी ग्राह्य धरण्यात येईल. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी."

"हे आम्हाला कुणी सांगितलं नाही," बाई म्हणाल्या.

साहेबांनी वही उघडली आणि बोट ठेवलं. तीस सह्या. वरून सातवी बाईंची. वळणदार, ठसठशीत, पेनातली शाई फुकट न घालवता केलेली. तिच्या आधी एक शब्द : वाचले.

"तुमचंच अक्षर ना?"

"माझंच."

"मग झालं तर. तुम्ही वाचलंत, म्हणून मी वाचलो," साहेब म्हणाले, आणि आपण कोटी केली हे लक्षात येऊन जरासे हसले. मग बाईंचा चेहरा पाहून थांबले.

"मग हा तक्ता?" बाईंनी भिंतीकडे पाहिलं.

"तो नासाडीचा तक्ता आहे, बाई. परिपत्रक लसीकरणाचं आहे. फाइली वेगळ्या."

"आणि माझं प्रमाणपत्र?"

"ते प्रोत्साहन."

घरी आल्यावर बाईंनी भिंतीवरून फ्रेम काढली. फेकायला म्हणून दारापर्यंत नेली. पण काच चांगली होती, चौकट लाकडी होती, हात धजला नाही. शेवटी पुन्हा तिथेच लावली, सोनेरी अक्षरं भिंतीकडे आणि मागचा पुठ्ठा लोकांकडे. यजमान घड्याळाच्या पोटात डोकं घालून बसले होते. त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं नाही.

"तिला सांगायलाच हवं का?" त्यांनी विचारलं.

"हवं."

"सांगून पोरीला काय मिळणार?"

"काही नाही."

"मग?"

"ती समजतेय नियमच तसा होता. नियमाला शिव्या देता येत नाहीत. तिला शिव्या द्यायला कुणीतरी माणूस नको का?"

यजमानांनी चिमट्याने घड्याळातलं एक चाक उचललं आणि पुन्हा तिथेच ठेवलं. भिंगाखालची गोष्ट मोठी दिसते, पण ती दुरुस्त होणारी असेल तरच त्याचा उपयोग.

बाई मात्र लगेच गेल्या नाहीत. ठरवणं आणि चढणं यात फरक असतो. पहिल्या महिन्यात गुडघा दुखला. दुसऱ्या महिन्यात खरोखरच दुखला. दरम्यान मंगळवार येत होते. आता खोलीत एक मूल आलं तरी बाई बाटली फोडत. एक इंजेक्शन देत, चार तास वाट पाहत, आणि उरलेली लस ओतून टाकत. ओततानाचा तो आवाज त्यांना दर वेळी ऐकू येई. वाण्याच्या आजीलाही त्यांनी गाठलं, नातवासकट. गावात मात्र नाव पाचबाईच राहिलं. नाव पडायला दिवस लागतो, निघायला पिढी. भांडारातल्या तक्त्यावर त्यांच्यापुढे लाल रेघांची रांग लागली, आणि शिपाई त्यांच्या चहात साखर घालायला विसरू लागला. बाई तो चहा पूर्ण पीत. थेंबही टाकत नसत.

तिसऱ्या महिन्यात, एका रविवारी, त्या पेटी खांद्याला लावून चढ चढल्या. पेटीत लस होती, कारण वर आणखी दोन मुलं नऊ महिन्यांची झाली होती. आणि लस नसती तरी पेटी नेलीच असती. रिकाम्या हाताने जाण्याची त्यांना भीती वाटत होती.

खाणवाली खडीच्या ढिगापाशी बसून हातोडीने दगड बारीक करत होती. पोरगी पाच हातांवर, आईकडे पाठ करून, दोन खडे एकमेकांवर ठेवायच्या खटपटीत. आता पंधरा महिन्यांची झालेली. उभी राहत होती, पडत होती, पुन्हा उभी राहत होती.

बाई बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. परिपत्रक, चार ओळी, सही, तक्ता. काहीही गाळलं नाही. मधे कुठेही "पण" आणला नाही. खाणवाली दगड फोडत राहिली. बाईंचं संपलं तरी हातोडी थांबली नाही.

"म्हणजे त्या दिवशी चौघांना देता आली असती," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"पहिल्या दिवशी दोघांनाही."

"हो."

"आणि ते तुम्ही लिहून दिलं होतं, की वाचलंय म्हणून."

"हो."

"मला म्हणालात, मी खोटं लिहीत नाही."

बाई मुलीकडे पाहत राहिल्या. मग त्यांच्या हाताने, त्यांना न विचारता, पेटीची कडी उघडली.

खट्.

पोरगी खडे रचत राहिली.

बाईंनी कडी लावली. पुन्हा उघडली. खट्. पुन्हा, जोरात. बाजूच्या झाडावरची चिमणी उडाली. पोरीची मान हलली नाही.

"नका वाजवू," खाणवाली म्हणाली. "मी हातोडी वाजवून बघितलंय. सुरुंगालाही बघत नाही आता. फक्त जमीन हलली की हसते." तिने हातोडी खाली ठेवली आणि पदराने तोंड पुसलं. तेव्हा बाईंना तिचं पोट दिसलं. सहावा महिना असावा.

खाणवालीने बाईंची नजर पकडली. "त्या दिवशी गावभर पाचवं शोधत फिरलो ना आपण," ती म्हणाली. "ते हे होतं. माझ्याबरोबरच फिरत होतं. तुम्हाला मोजता आलं नाही."

शिव्या यायच्या त्या आल्या नाहीत. बाई शिव्यांसाठी तयार होऊन आल्या होत्या. शिव्या खाऊन, हलक्या होऊन, उतार उतरायचा असं बहुधा त्यांनी मनात धरलं होतं. तेवढीही सोय झाली नाही.

"याला नऊ महिने होतील तेव्हा मी खाली येणार नाही," खाणवाली म्हणाली. "तुम्ही वर यायचं. एकटाच असेल तरी."

"येईन."

"नक्की?"

बाईंनी बोटांवर मोजलं. सवय. बाळंतपणाला तीन महिने, वर नऊ. बारा. आणि त्यांची स्वतःची सेवानिवृत्ती दहा महिन्यांवर. मोजणारं बोट दहाव्यापाशी अडलं. पुढची दोन त्यांनी मुठीत दाबली. पेटी परत द्यावी लागते, त्यानंतर भांडारात निवृत्त बाईला एक थेंबही कुणी देत नाही.

"नक्की येईन," त्या म्हणाल्या.

"लिहून द्या."

"तुला वाचता येतं?"

"नाही. पण लिहून द्या."

बाईंनी पोरीच्या लसीच्या कार्डाची पाठची बाजू घेतली. पुढच्या बाजूला गोवराचा चौकोन कोरा होता. पेन काढलं. "मी येईन" असं लिहिलं, खाली तीच वळणदार सही केली, आणि कार्ड पुढे केलं.

खाणवालीने ते घेतलं नाही. धुळीने भरलेले हात तिने मांडीवर तसेच ठेवले.

"काय लिहिलंय?"

"मी येईन."

"नीट वाचलंत ना?" खाणवालीने विचारलं. "वाचलंत तर द्या."